असिस्टंट लोको पायलट : ‘सायको’, डोळ्यांची तपासणी आणि मुलाखत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वेत लोको पायलटची मुलाखत कधी होते? त्यात काय विचारतात?

भारतीय रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट (एएलपी), म्हणजे इंजिनचालकाच्या सहायकाच्या भरतीत मुलाखत नसते. केंद्र सरकारने गट क च्या पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या आहेत. टप्पे पाच आहेत : सीबीटी-१ आणि सीबीटी-२ या संगणकावरच्या दोन परीक्षा, संगणकावरचीच अभियोग्यता चाचणी म्हणजे सीबीएटी, कागदपत्रांची पडताळणी आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. मुलं ज्याला ‘सायको’ म्हणतात ती यातली तिसरी.

“मुलाखतीला आपला माणूस बसतो, एवढे द्या, काम झालं समजा,” असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला लुबाडतोय. जी मुलाखत होतच नाही तिथे त्याचा माणूस बसणार कुठे? गावाकडे शेताचा तुकडा विकून असे पैसे भरले जातात, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

मग तयारी सायकोपासून सुरू करायची का?

नाही, डोळ्यांपासून. दोन वर्षं अभ्यास करून, सायको पार करून मुलं वैद्यकीय तपासणीत डोळ्यांवरून बाद होतात. तिथे बाद झालं की रेल्वे त्या निकालावर दुसरी कुठलीही नोकरी देत नाही. अर्ज भरायच्या आधी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन यायला एक दिवस पुरतो.

या पदाला ए-वन हा रेल्वेचा सर्वांत कडक वैद्यकीय दर्जा लागतो. तज्ज्ञाला स्पष्ट सांगा, “रेल्वे, ए-वन”, आणि पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

लांबची दृष्टी दोन्ही डोळ्यांनी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, चष्म्याशिवाय ६/६ हवी. जवळची दृष्टी चष्म्याशिवाय ०.६. याशिवाय रंगदृष्टी, दोन्ही डोळे एकत्र काम करतात की नाही, नजरेचा आवाका, रात्रीची दृष्टी आणि संधिप्रकाशातली दृष्टी.

‘फॉगिंग’ ही तपासणी बहुतेकांना माहीतच नसते. तुमच्या डोळ्यासमोर अधिक दोनची काच धरतात आणि तक्ता वाचायला सांगतात. निरोगी डोळ्याला त्या काचेतून धूसर दिसायला हवं. त्यातूनही स्पष्ट दिसलं तर डोळ्यात अधिक नंबर लपलेला आहे असा अर्थ होतो. तरुण वयात डोळ्याचे स्नायू ताण देऊन तो नंबर झाकतात, म्हणून रोजच्या वावरात काहीच जाणवत नाही आणि माणूस बिनधास्त असतो. पस्तिशी-चाळिशीत ते स्नायू थकतात, नंबर उघडा पडतो आणि तेव्हा तो माणूस इंजिनात बसलेला असतो. रेल्वे हे आधीच पाहते ते यासाठी.

रंगदृष्टीला इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या आणि रंगीत कंदिलाची चाचणी असते. पाट्यांवरचे आकडे पाठ करून जाणारे कंदिलापाशी अडकतात. अंधारात लांबवरचा एक बारीक दिवा दाखवून रंग विचारतात, तिथे पाठांतराचा उपयोग नाही.

लेसिक करून नंबर घालवला तर?

चालत नाही. लेसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार एएलपीसाठी अपात्र ठरतो, आणि हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. बुबुळाच्या तपासणीत शस्त्रक्रिया कळते. नंबर असेल आणि चष्मा नकोसा वाटत असेल तर लेसिक जरूर करा, पण ते या नोकरीसाठी करू नका. चष्मा असलेल्यांना रेल्वेत इतर कितीतरी पदं आहेत.

सायकोपर्यंत पोचायला काय काय पार करावं लागतं?

सीबीटी-१ मध्ये ६० मिनिटांत ७५ प्रश्न. ही फक्त चाळणी आहे, तिचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. सीबीटी-२ चे दोन भाग : भाग अ मध्ये ९० मिनिटांत १०० प्रश्न, भाग ब मध्ये ६० मिनिटांत तुमच्या ट्रेडवर, म्हणजे तांत्रिक शाखेवर, ७५ प्रश्न. भाग ब मध्ये ३५ टक्के मिळवावेच लागतात, कुठल्याही प्रवर्गाला सवलत नाही. दोन्ही सीबीटींत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात.

त्यातून जागांच्या साधारण आठपट उमेदवार सीबीएटीला बोलावतात. अंतिम यादी लावताना सीबीटी-२ च्या भाग अ ला ७० टक्के आणि सीबीएटीला ३० टक्के वजन असतं. म्हणजे सायकोत नुसतं पास होऊन भागत नाही. भाग अ मध्ये चार-पाच गुणांनी मागे पडलेला उमेदवार इथे पुढे जाऊ शकतो, आणि पुढे असलेला घसरू शकतो.

सायकोत स्वभाव तपासतात का? वेडेवाकडे प्रश्न येतात का?

एएलपीच्या सीबीएटीत स्वभावाची प्रश्नावली नसते. मानसिक आजार शोधण्याची ही चाचणी नव्हे. इंजिनात बसणाऱ्या माणसाकडे ज्या क्षमता असाव्या लागतात त्या मोजायच्या, एवढंच तिचं काम. तिचा आराखडा लखनौच्या आरडीएसओचा, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेचा आहे. पाच चाचण्या असतात : स्मरणशक्ती, सूचनांचं पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग.

या पाच गोष्टी उगाच निवडलेल्या नाहीत. कल्याणसारख्या ठिकाणी एकाच वेळी अनेक रुळांचे अनेक सिग्नल समोर दिसतात आणि त्यातला आपला कोणता हे क्षणात ओळखायचं असतं. हा नजरेचा वेग. नव्या मार्गावर गाडी एकट्याने न्यायच्या आधी चालकाला त्या मार्गाच्या फेऱ्या करून सिग्नल, चढ, वळणं, वेगमर्यादा डोक्यात बसवाव्या लागतात. ही स्मरणशक्ती. कसारा-इगतपुरी आणि कर्जत-लोणावळा घाटांत चढ ३७ ला १ आहे, मागून ढकलणारं बँकर इंजिन लावावं लागतं. अशा ठिकाणी ‘पुढे काय येतंय’ हे आठवायला थांबता येत नाही.

टी-स्कोर ४२ म्हणजे १०० पैकी ४२ का?

सायकोत पास व्हायला किमान ४२ टी-स्कोर लागतो, पण तो १०० पैकी नव्हे, आणि गैरसमजांत हा सर्वांत महागात पडतो. टी-स्कोर म्हणजे सरासरीपासून तुम्ही किती लांब आहात याचं माप. सरासरीइतके गुण मिळाले तर टी-स्कोर ५०. प्रमाण विचलनाएवढे (सगळ्यांचे गुण सरासरीभोवती साधारण किती पसरलेत, तेवढे) गुण जास्त मिळाले तर ६०, तेवढेच कमी मिळाले तर ४०.

उदाहरण घ्या. समजा एका चाचणीची सरासरी २० बरोबर उत्तरं आणि प्रमाण विचलन ५ आहे. तुमची १६ बरोबर आली. सरासरीपेक्षा ४ कमी, ४ भागिले ५ म्हणजे ०.८, त्याला १० ने गुणलं की ८. पन्नासातून आठ गेले, ४२ राहिले. तुम्ही अगदी उंबरठ्यावर पास. १५ बरोबर आली असती तर ४० आणि सगळं संपलं.

हे ४२ प्रत्येक चाचणीत स्वतंत्रपणे लागतात. चार चाचण्यांत ६५ आणि पाचवीत ४१ आले तर उमेदवार बाद, बेरीज कितीही असो. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल, माजी सैनिक, कुणालाही यात सूट नाही.

म्हणून सरावाचा वेळ पाचांत सारखा वाटू नका. पहिल्या आठवड्यात पाचही करून बघा, सगळ्यात कच्ची कोणती ते शोधा आणि निम्मा वेळ तिलाच द्या. आवडती चाचणी पुन्हा पुन्हा सोडवून गुण वाढल्याचं समाधान मिळतं, पण निकाल कच्च्या चाचणीवर ठरतो.

विटांचे प्रश्न चुकतात. काय करावं?

खोलीच्या अंदाजाच्या चाचणीत विटांच्या ढिगाचं चित्र असतं. खुणेच्या विटेला किती विटा चिकटल्या आहेत ते मोजायचं. चूक होते कारण मुलं दिसतात तेवढ्याच विटा मोजतात, मागची आणि खालची सुटते.

घरी नऊ काडेपेट्या घ्या. काडी ओढायच्या बाजूवर त्या उभ्या करा, म्हणजे त्यांची उंची साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास आणि जाडी दीडच्या आसपास होते. तीन पेट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की जवळजवळ चौरस तयार होतो. त्यावर पुढच्या तीन आडव्या दिशेने, त्यावर तिसऱ्या थराच्या तीन पुन्हा पहिल्या दिशेने. आता मधल्या थरातली मधली पेटी बघा. डावीकडे एक, उजवीकडे एक, वरच्या थराच्या तिन्ही तिच्यावरून आडव्या गेलेल्या, खालच्या तिन्ही तिच्याखालून. एकूण आठ. कडेची पेटी घेतली तर शेजारची एकच, म्हणून सात.

एकदा हाताने रचून मोजलं की चित्रातली न दिसणारी वीट डोळ्यापुढे उभी राहते. मोजण्याचा क्रम ठरवून टाका : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. प्रत्येक वेळी तोच क्रम. क्रम बदलला की एखादी बाजू राहते किंवा दोनदा मोजली जाते. नुसती कड कडेला लागलेली धरायची की पूर्ण बाजू टेकायला हवी, हे पडद्यावरच्या सूचनेत वाचा आणि सरावाच्या प्रश्नात पडताळून घ्या.

स्मरणशक्तीच्या चाचणीसाठी काही युक्ती?

चित्र किंवा नकाशा ठरावीक वेळ दाखवतात, मग तो जातो आणि काय कुठे होतं ते विचारतात. सगळं चित्र एका नजरेत साठवायला जाऊ नका. कागदाच्या घडीसारखे चार भाग पाडा, वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने फिरा आणि प्रत्येक वस्तूला शेजारणीशी जोडा : ‘दवाखान्यामागे टाकी, टाकीजवळ वळण’. मनातल्या मनात मराठीत बोला. शब्दात बांधलेली गोष्ट नुसत्या पाहिलेल्या गोष्टीपेक्षा जास्त टिकते.

दिलेल्या वेळाचा शेवटचा पाव भाग नवीन काही पाहण्यात घालवू नका. डोळे मिटून एक फेरी मारा आणि जिथे अडाल तेवढंच पुन्हा बघा.

एकाग्रता आणि नजरेच्या वेगाच्या चाचणीत वेळच पुरत नाही.

पुरू नये अशीच त्यांची रचना असते. सगळे प्रश्न होत नाहीत म्हणून घाबरून गती वाढवली की मधेच ओळ सुटते आणि पुढची पाच-सहा उत्तरं एकगठ्ठा चुकतात. माऊसचा बाण बोटासारखा वापरा, ज्या ओळीवर आहात तिथेच तो ठेवा. सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांत पूर्ण आकृती जुळवत बसू नका. एक वेगळा कोपरा किंवा एक जास्तीची रेघ पकडा आणि तेवढ्यावर पर्याय गाळा.

सीबीएटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून प्रश्न कोरा सोडू नका, पण पहिल्यापासून अंदाजपंचेही ठोकू नका. शेवटची वीस-पंचवीस सेकंद उरल्यावर राहिलेल्यांना काहीतरी टिक करा. एका चाचणीत वाचलेला वेळ पुढच्या चाचणीला मिळत नाही, तेव्हा लवकर संपवून हात बांधून बसण्यात अर्थ नाही.

सायको मराठीत देता येते का?

सीबीटी मराठीत देता येते, सीबीएटी मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. सीबीटी मराठीतून दिलेल्यांना हा धक्का ऐन खुर्चीत बसल्यावर बसतो. सूचनांच्या पालनाच्या चाचणीत तर भाषाच परीक्षा असते. बाएँ, दाएँ, ऊपर से तीसरा, पंक्ति, स्तंभ, के ठीक नीचे, घड़ी की विपरीत दिशा : हे शब्द वाचताच हात हलला पाहिजे. ‘स्तंभ’ म्हणजे उभा आणि ‘पंक्ति’ म्हणजे आडवी, यात गडबड झाली की तर्क बरोबर असूनही उत्तर चुकतं. शेवटचा महिना सराव त्याच भाषेत करा ज्या भाषेत पेपर देणार आहात.

क्लास लावावा का? किती दिवस सराव पुरतो?

आरडीएसओच्या संकेतस्थळावर पाचही चाचण्यांचे नमुने आणि मार्गदर्शन आहे, तिथून सुरुवात करा. त्याला पैसे पडत नाहीत. रोज तासभर याप्रमाणे सहा ते आठ आठवडे बहुतेकांना पुरतात. सराव मोबाइलवर करू नका. परीक्षा मोठ्या पडद्यावर आणि माऊसने असते, बोटाने पडदा दाबायची सवय तिथे आडवी येते. घरी संगणक नसेल तर गावातल्या अभ्यासिकेत किंवा नेट कॅफेत आठवड्यातून तीन दिवस तरी बसा.

क्लासचा खरा उपयोग म्हणजे वेळ लावून, पाचही चाचण्या सलग, मधे न उठता देण्याची सवय. पाचव्या चाचणीपर्यंत डोळे आणि डोकं दोन्ही थकलेलं असतं. घरी सुट्या सुट्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवणारा सलग बसल्यावर कोसळतो तो इथे.

परीक्षेच्या दिवशी काय विसरून चालणार नाही?

दृष्टी प्रमाणपत्र. जाहिरातीसोबत दिलेल्या नमुन्यातच, नेत्रतज्ज्ञाच्या सही-शिक्क्याचं आणि नोंदणी क्रमांकाचं, मूळ प्रत. ते नसेल तर सीबीएटीला बसूच देत नाहीत. डॉक्टरने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं किंवा झेरॉक्स नेली, तरी तीच गत. हे काम बोलावण्याचं पत्र आल्या दिवशीच उरका. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र तर हवंच.

आदल्या रात्री झोप हवी. केंद्र लांबच्या शहरात येतं आणि पोरं रात्रभर जनरल डब्यात उभ्याने प्रवास करून सकाळी परीक्षेला बसतात. सीबीटी अशाने एखाद वेळ निभावते, पण एकाग्रतेच्या चाचणीला झोपेचा अभाव लगेच दिसतो. शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा.

मेट्रोत किंवा इतर कंपन्यांत तरी मुलाखत असते का?

मेट्रोच्या ट्रेन ऑपरेटर पदांसाठी प्रत्येक संस्थेची जाहिरात वेगळी असते. लेखी परीक्षा, सायको आणि कडक वैद्यकीय तपासणी हा साचा सर्वसाधारण, काही ठिकाणी त्यात मुलाखत किंवा स्वभावाची प्रश्नावली येऊ शकते. जाहिरातीतलं ‘निवड पद्धत’ हे कलम वाचून मगच तयारी ठरवा.

मुलाखत असलीच तर समोरचे एकच गोष्ट शोधत असतात : हा माणूस कंटाळवाण्या कामात सावध राहील का, आणि चूक झाली तर सांगेल का. “लाल सिग्नल ओलांडून गाडी पुढे गेली, कुणी पाहिलं नाही, काय कराल?” या प्रश्नाला योग्य उत्तर एकच : गाडी थांबवेन, कंट्रोलला लगेच कळवेन, परवानगीशिवाय मागे-पुढे हलवणार नाही. “परिस्थिती बघून ठरवेन” हे ऐकायला हुशारीचं वाटतं, पण या कामात तेच उत्तर माणसाला बाद करतं. नियम का मोडू नये याचं कारण माहीत असलेला उमेदवार उठून दिसतो.

रात्रपाळी, सणावारी ड्युटी, घरापासून लांब मुक्काम याबद्दल विचारलं तर “मला काहीच त्रास होणार नाही” म्हणू नका. झोपेची सोय कशी लावाल, घरच्यांशी बोलणं झालंय का, हे ठोस सांगा.

स्वभावाच्या प्रश्नावलीत ‘चांगली’ उत्तरं द्यावीत का?

खरी द्यावीत. अशा प्रश्नावल्यांत तोच प्रश्न शब्द बदलून तीन-चार वेळा येतो आणि ‘मी आयुष्यात कधीच चिडलो नाही’ यांसारखी विधानं मुद्दाम पेरलेली असतात. सगळीकडे स्वतःला देवमाणूस दाखवणाऱ्याची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि पूर्ण पत्रकच अविश्वसनीय ठरतं. प्रत्येक विधानाला ‘सांगता येत नाही’ असा मधला पर्याय देणंही तितकंच वाईट. वाचा, पहिलं मनात आलेलं उत्तर द्या, पुढे चला.

मुलींनी या पदाचा विचार करावा का?

नक्की करावा. निकष आणि चाचण्या सारख्याच आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक चालक म्हणून रेल्वेत आल्या आणि १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवली. कामाची अडचण मात्र आधी माहीत असावी. बऱ्याच इंजिनांत अजून स्वच्छतागृह नाही आणि ड्युटी तासन् तास चालते. रेल्वेने हे बदलायलाच हवं. पण तोवर, हे ठाऊक असताना निर्णय घेणं बरं.

सायकोत नापास झालो. आता?

त्या भरतीपुरतं एएलपीचं दार बंद होतं, पुढच्या जाहिरातीत पुन्हा पहिल्यापासून बसता येतं. आपला टी-स्कोर लिहून ठेवा. कोणत्या चाचणीत ४२ च्या खाली गेलात ते कळलं की पुढचा सराव कुठून सुरू करायचा ते ठरतं. वय मात्र मोजा. २०२५ च्या जाहिरातीत खुल्या प्रवर्गाची मर्यादा १८ ते ३० होती, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत.

निवड झाली की लगेच इंजिन हातात मिळतं का?

नाही. आधी प्रशिक्षण : नियम, सिग्नल, ब्रेक, इंजिनाचे भाग. मध्य रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था भुसावळला आहे. मग सहायक म्हणून उजव्या बाजूच्या खुर्चीत. प्रत्येक सिग्नल दिसला की त्याचा रंग मोठ्याने पुकारायचा आणि लोको पायलटने तो परत पुकारायचा : “दोन पिवळे”, “दोन पिवळे”. दोघांपैकी एकाची नजर चुकली तर दुसऱ्याचा आवाज त्याला सावध करतो. ड्युटीवर येताना लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या कार्यालयात, साइन ऑन करायचं, तिथे श्वासाची तपासणी होते. पुढे शंटिंग (यार्डात डबे हलवणं), मालगाडी, पॅसेंजर आणि मग मेल-एक्सप्रेस अशी चढण असते. मुंबई लोकलच्या मोटरमनची जागाही थेट भरतीतून मिळत नाही, आतल्याच चालकांतून निवडतात, आणि तिथे पुन्हा एक सायको द्यावी लागते.